चौदा बंद पाकिटं

"फोडा की कुणीतरी," आई म्हणाली. स्वतःचे हात मात्र तिनं मांडीवर एकमेकांत अडकवून घट्ट धरून ठेवले.

जेवणाच्या टेबलावर चौदा पाकिटं होती. सगळी एका मापाची, एकाच पिवळट कागदाची. डाव्या कोपऱ्यात गृहनिर्माण मंडळाचा शिक्का, मधोमध नानांचं पूर्ण नाव. आईनं ती तारखेप्रमाणं लावली होती, आणि एकाचीही कड उचकटलेली नव्हती.

नानांनी छत्तीस वर्षं टपाल वाटलं. या घरानं पुष्कळ नियम केले आणि पुष्कळ मोडले, पण एक नियम तेवढा अंगात मुरला होता. ज्याच्या नावाचं पाकीट, त्यानंच फोडायचं. थोरल्याच्या परीक्षेचा निकाल आला तेव्हा तो खेळायला गेला होता. तीन तास अख्खं घर त्या पाकिटाभोवती बसून राहिलं, पण बोट कुणी लावलं नाही. नाना गेल्यावरही त्यांच्या नावाची पाकिटं येत राहिली, आणि आई ती एकेक करून खुंटीवरच्या त्यांच्या कातडी थैलीत टाकत राहिली. येत्या सोमवारी त्यांना जाऊन वर्ष होणार होतं.

"पण थैलीत का टाकलीस गं?" भिंगरीनं विचारलं. धाकट्या लेकीला घरात भिंगरीच म्हणत. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती भिंगं घासायची, आणि लहानपणापासून तिचा पाय एका जागी ठरला नव्हता.

"त्यांची होती ना. जाईन तेव्हा नेऊन देईन म्हटलं."



काल मंडळाचा माणूस दारात आला नसता, तर थैली अशीच भरत राहिली असती. त्याला सही हवी होती. आई म्हणाली, ज्यांच्या नावाचं आहे ते वारले, मी कशी घेऊ? मग त्या बिचाऱ्यानं उंबऱ्यातच कागद उलगडून वाचून दाखवला. अकरा महिन्यांचं भाडं थकलंय, पंधरा दिवसांत भरा, नाहीतर घर रिकामं करून मंडळाच्या ताब्यात द्या. आईनं चौकट धरून सगळं ऐकलं. ऐकून झाल्यावर त्याला पाणी दिलं.

"दादा, तू फोड. तू थोरला."

थोरला बसचा ड्रायव्हर. डेपोचा गणवेश अंगावर घालूनच आला होता. त्यानं पहिलं पाकीट उचललं, डोळ्यांजवळ धरलं, आणखी जवळ धरलं, आणि ठेवून दिलं. "माझ्यानं नाही व्हायचं. पाठीमागं नाना उभे आहेत असं वाटतंय."

"द्या इकडं," सून म्हणाली. "मी बाहेरची. इतकी वर्षं बाहेरची बाहेरची ऐकलं, आज त्याचा काही उपयोग होऊ दे."

"वहिनी, कोण म्हणालं गं तुला बाहेरची?"

"तुम्हीच वन्सं, लग्नात. मी लिहून ठेवलंय."

तिनं केसातली पिन काढली आणि कडेतून अशी फिरवली की पाकिटाला कळलंही नसेल. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. डॉक्टरांचं अक्षर लावणाऱ्या बाईला मंडळाचं छापील ते काय! तिनं वाचलं, "'आपल्या निवृत्तिवेतनातून होणारी घरभाड्याची कपात मागील महिन्यापासून बंद झाल्याचे दिसून येते. तरी भाडे भरण्याची पर्यायी व्यवस्था करावी.'"

"कपात?" आई म्हणाली. "कसली कपात?"

"आई, भाडं नानांच्या पेन्शनमधूनच कापून जायचं. हातात यायचं ते उरलेलं."

"मला काय माहीत? लग्न झालं तेव्हाच त्यांनी वाटणी केली होती. घराचं माझ्याकडं, घरातलं तुझ्याकडं. मी घरातलं बघितलं."

भिंगरी आईच्या खुर्चीजवळ उकिडवी बसली. "बरं, नाना गेल्यावर तुझी पेन्शन अर्धी झाली ना?"

"अर्धी होईल म्हणाले होते. हातात आली ती जवळजवळ पहिल्याएवढीच. मी म्हटलं, माणूस चांगला होता, सरकारलाही लाज वाटली असेल."

भिंगरीला हसू आलं, ते तिनं आवरलं. "अगं, ते भाडंच होतं. दर महिन्याला तुझ्या हातात भाडंच येत होतं."

खिडकीतून चौकातल्या मुलांचा चेंडू भिंतीवर आपटल्याचा आवाज येत होता. ही तळमजल्याची दोन खोल्यांची जागा. मोरीच्या कोपऱ्यात सूर्य दुपारी फक्त वीस मिनिटं यायचा, आणि आईचं रोपटं ती वीस मिनिटं धरून जगलं होतं. सगळं सामान उचलायला एक टेम्पोसुद्धा भरला नसता. पण आईला उचलायचं म्हटलं तर कुठून हात घालायचा?

"मग ते गेलं कुठं?" थोरल्याचा आवाज चढला. "एकट्या बाईला लागतं किती? भिंगरे, तुझ्या खोलीचं डिपॉझिट कुणी भरलं?"

"मी! सहा महिने जादा पाळ्या करून! दुकानात येऊन विचार जा! माझ्याकडं कसला बघतोस डोळे वटारून?"

"मी नुसतं विचारलं."

"नुसतं विचारलंस म्हणे. लहानपणी बरणी फुटली की पहिलं नाव माझंच. तेव्हाही तू नुसतंच विचारायचास."

"गप्प बसा दोघं," आई म्हणाली. पण ती बोलली टेबलाकडं बघत, आणि ते सुनेला दिसलं.

आई सांगणार नाही, हे सुनेला पक्कं ठाऊक होतं. गळ्याशी आलं तरी सांगणार नाही. भावाबहिणींचं भांडण पेटू देईल, घर जाऊ देईल, पण सुनेचं नाव घेणार नाही. एवढं झाकून ठेवणारी बाई आपल्याला मिळाली आणि आपण तिला कधी मिठी मारली नाही. सुनेनं पिन पुन्हा केसात खोचली.

"मी घेतले," ती म्हणाली. "आठ महिने. मी मागितले, आईंनी दिले. कशाला हवेत हे एकदासुद्धा विचारलं नाही."

"तू?" थोरला म्हणाला. "कशाला?"

"तुमच्या पगारातला खड्डा बुजवायला."

"तू गप्प बस हं."

"आठ महिने गप्पच आहे. वन्सं, ह्यांना गाडीवरून उतरवलंय. डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले. डेपोत टायर मोजतात. रोज गणवेश घालून निघतात, आणि मी रोज त्याला इस्त्री करते."

थोरल्याच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. तो उठला. खुर्ची मागं पडली, ती त्यानं उचलून नीट ठेवली. सवयच तशी. आईच्या घरात त्यानं पाय आपटायचेही असे, की शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये. "सांगितलंस ना? झालं समाधान? चला, मी निघतो. भाडं मीच खाल्लं म्हणा सगळ्यांनी. आईचं घर मी खाल्लं."

"दादा, थांब." भिंगरी दारात आडवी उभी राहिली. तिचा राग कुठल्या कुठं गेला होता, आणि त्याच्या जागी दुसराच, जास्त मोठा राग आला होता. "तुझी बहीण काय काम करते?"

"बाजूला हो."

"काय काम करते तुझी बहीण? सांग!"

"भिंगं घासते."

"मग? चष्मा लावून गाडी चालवता येते, बाबा! महिन्याला चार-चार ड्रायव्हर येतात आमच्याकडं. नंबर काढतात, डेपोत दाखवतात, परत गाडीवर चढतात. आणि हा इथं टायर मोजत बसलाय!"

"मला वाटलं नानांसारखं झालं," थोरला म्हणाला. आवाज एकदम लहान मुलासारखा झाला. "त्यांनाही आधी असंच अंधुक दिसायला लागलं होतं. शेवटी तर पाकिटावरचा पत्तासुद्धा दिसत नव्हता. मला वाटलं, तुझ्याकडं आलो तर तू भिंगातून बघून सांगशील, की दादा, हे डोळे जायचेच आहेत. त्यापेक्षा न विचारलेलं बरं."

पाकिटं न फोडणारी आईच फक्त नव्हती तर.

भिंगरी काही बोलणार, एवढ्यात सून टेबलापाशी म्हणाली, "अहो, एक मिनिट. सगळे इकडं या. हे ऐका." नवरा दाराशी, नणंद दारात, आणि तिनं आपलं दुसरं, तिसरं पाकीट फोडायचं काम चालूच ठेवलं होतं. "'महोदय, आपले निधन झाल्याचे आम्हांस नुकतेच समजले.'"

"कुणाचं?"

"नानांचं."

"कुणाला कळवलंय?"

"नानांनाच!"

 मग आईचे खांदे हलायला लागले. मुलांना वाटलं रडतेय, पण ती हसत होती. वर्षभरात पहिल्यांदा. "अगं बाई! आणि मी ते त्यांना दिलं नाही! त्यांना कळलंच नसेल अजून!" मग थोरलाही भिंतीला टेकून हसला, आणि हसता हसता त्यानं बाहीनं डोळे पुसले, ते कशानं ओले झाले होते कोण जाणे.

"पुढं आहे अजून," सून म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "'निधनाच्या तारखेपासून बारा महिन्यांच्या आत पती अथवा पत्नीने समक्ष अर्ज केल्यास घर त्यांच्या नावे करण्यात येईल, व भाडे त्यांच्या उत्पन्नानुसार निधनाच्या तारखेपासून नव्याने आकारण्यात येईल. उर्वरित थकबाकी सुलभ हप्त्यांत घेतली जाईल.'"

"नव्यानं म्हणजे?" आईनं विचारलं.

"म्हणजे अर्ध्या पेन्शनवर अर्धं भाडं. मागचं सगळंसुद्धा."

"बारा महिने," भिंगरी म्हणाली. "सोमवारी पुरे होतात. आज गुरुवार. उद्या जाऊ."

सुनेनं कागद उलटा केला. खालच्या बारीक अक्षरांवर तिचं बोट थांबलं. "'अर्ज फक्त मंगळवारी व गुरुवारी, दुपारी तीनपर्यंत.'"

सगळ्यांनी घड्याळाकडं पाहिलं. पाऊण वाजला होता.

"आई, चपला घाल," थोरला म्हणाला.

*

मंडळाच्या कार्यालयात लाकडी बाकं होती, आणि ती इतक्या माणसांनी बसून बसून अशी गुळगुळीत केली होती की नीट बसलं नाही तर घसरायला होत होतं. यांचा आकडा एकशे सात. फलकावर लागला होता त्र्याऐंशी.

आई मधे बसली. तिच्या मांडीवर एक डबा होता. घरातून निघताना तिनं तो पिठामागून काढला होता. पहिल्या तीन महिन्यांचं उरलेलं त्यात तसंच होतं, सून मागायला येण्याआधीचं. "आधी का नाही सांगितलंस?" असं भिंगरीनं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही भांडत होता. मधे कुठं बोलू?"

आकडा चढत होता, पण तो जिन्यावरच्या म्हाताऱ्यासारखा. नव्वदला पाच मिनिटं थांबला. आई पुटपुटायला लागली. घाबरली की तिच्या तोंडी ओव्या यायच्या, आणि त्या ती स्वतःच जुळवायची.

"चार भिंतींचं गं घर, त्याला माणसाची माया
माया उठून गेली तरी भिंतीवर तिची छाया..."

"आई, इथं नको," भिंगरी कुजबुजली. "लोक बघतायत."

पलीकडच्या बाकावरची एक बाई म्हणाली, "म्हणू दे की. आमचंही तेच दुखणं आहे."

दोन वाजून वीस मिनिटांनी एकशे सात लागला. खिडकीतली बाई मनगटाला पट्टा बांधून शिक्के मारत होती. तिनं अर्ज घेतला, तिसरं पत्र वाचलं, मान हलवली.

"नातं?"

"बायको."

"त्या घरात राहत होतात याचा पुरावा? नाव आणि पत्ता दोन्ही असलेला कागद. ते वारण्याआधीचा हवा. लाइटबिल, बँकेचं पत्र, काहीही."

सुनेनं पिशवी उपसली. लाइटबिल नानांच्या नावावर. पाणी नानांच्या नावावर. बँकेचं पुस्तक नानांच्या. तिनं सगळे कागद तीनदा वरखाली केले.

"हिचं काहीच नाही?" थोरल्यानं विचारलं. "असं कसं?"

आई काचेजवळ सरकली. "बाई, मी छत्तीस वर्षं पोस्टमनची बायको होते," ती म्हणाली. "आणि माझ्या नावाचं एक पत्र कधी आलं नाही."

खिडकीतल्या बाईचा शिक्का हवेतच राहिला. मागची रांग चुळबुळत होती. तिनं घड्याळ पाहिलं, आईकडं पाहिलं.

"मूळ अर्जाची फाइल तळघरात असेल," ती म्हणाली. "उतरते. पण सापडेलच असं नाही हं आजी."

ती गेली. खिडकीत रिकामी खुर्ची. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई जेवायला गेली वाटतं." थोरला वळून म्हणाला, "जेवू दे, पण परत येऊ दे." सुनेनं आईचा हात धरला. तो पहिल्यांदाच धरला होता, हे दोघींनाही कळलं, आणि दोघींनीही कळल्याचं दाखवलं नाही. तीनला दहा कमी असताना बाई परत आली. केसांवर जळमट, हातात एक फिकट निळी फाइल.

"सत्तावीस वर्षांपूर्वीचा आहे. हे अक्षर ओळखता?"

ओळखायचं काय! गोल, सुटं, प्रत्येक अक्षर दुरून वाचता यावं असं. उभा जन्म दुसऱ्यांचे पत्ते वाचणारा माणूस स्वतःचं लिहिताना तसंच लिहायचा. 'घरात राहणाऱ्या व्यक्ती' असा रकाना होता. पहिल्या ओळीत आईचं नाव. दुसऱ्या ओळीत थोरल्याचं. तिसरीत लिहिलं होतं, 'एक मुलगी, वय दोन महिने, नाव ठेवायचे आहे.' आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं.

"अर्जदाराचं नाव वर लिहायचं असतं," खिडकीतली बाई म्हणाली. "पण हे बरं झालं. आणि ही खालची सही?"

सही वाकडी होती, आणि तिच्या शेपटावर निळ्या शाईचा एक फरकाटा. चार छोट्या बोटांचा.

"माझी," आई म्हणाली. "ते म्हणाले इथं सही कर, मी केली. कशावर ते विचारलंही नाही. भिंगरे, तू माझ्या काखेत होतीस. शाई ओली होती, तू हात मारलास. केवढी ओरडले होते मी तुला!"

भिंगरीनं काचेखालच्या फटीतून हात घातला आणि आपली बोटं त्या डागाशेजारी ठेवली. खिडकीतली बाईही वाकून बघायला लागली.

"आता पुन्हा मारू नका," ती म्हणाली, आणि तिनं शिक्का उमटवला. एकदा. मग दुसऱ्या कागदावर. मग तिसऱ्या.

भाडं निम्म्याहून खाली आलं. मागचं नव्यानं आकारलं, त्यातून डब्यातलं वजा झालं, आणि उरलं त्याचे अठरा हप्ते पडले. हप्ता इतका, की सुनेनं तो दोनदा विचारून घेतला. चुकून लहान सांगितला असेल, असं तिला वाटलं.

"आणि नोटीस?"

"रद्द."

"म्हणजे मी राहायचं?" आईनं विचारलं.

"राहायचं, आजी."

आईनं मान हलवली, जणू कुणी भाजीचा भाव सांगितला आणि तो तिला पटला. मग तिनं काचेच्या कडेला कपाळ टेकलं आणि थोडा वेळ तशीच राहिली.

"हप्ता मी भरणार," थोरला म्हणाला.

"टायर मोजून?" भिंगरी म्हणाली. "मी भरते. तू आधी उद्या दुकानात ये."

"वन्सं, पैसे मी घेतलेत, हप्ता मी..."

"तुमच्यात ठरवा," खिडकीतली बाई म्हणाली. "मागं रांग आहे."

*

परतीच्या बसमध्ये मागची लांब सीट रिकामी मिळाली. चौघं ओळीनं बसली. सुनेनं बॅगेतून एक बिस्किटांचा पुडा काढला. सकाळपासून कुणीच काही खाल्लं नव्हतं, आणि ते आत्ता आठवलं. भिंगरीनं भावाला खिडकीतून दूरच्या पाट्या वाचायला लावल्या. "ते काय लिहिलंय?" "फर्निचर." "ते फर्निचर नाही, फिरते वाचनालय आहे." "मग मी वाचलं तेच दुकान चांगलं." पुडा संपेपर्यंत त्यानं एकही पाटी बरोबर वाचली नाही, आणि दर चुकीला तो जास्त खुशीत येत होता. भिंगरी दर चुकीला "हा नुसता नंबर" म्हणत होती, आणि डोळे जायचे नाहीत हे त्याला हळूहळू पटत चाललं होतं.

"नंबर निघेलच," भिंगरी म्हणाली. "फ्रेम मात्र मी निवडणार. तुला निवडायला दिली तर आरशात न बघताच घेशील."

"आईला विचार. आई, काळी चांगली दिसेल का तपकिरी?"

आईनं उत्तर दिलं नाही. तिचं डोकं सुनेच्या खांद्यावर कललं होतं, तोंड किंचित उघडं, आणि रिकामा डबा मांडीवरून घसरत होता. सुनेनं तो अलगद काढून घेतला आणि बोट ओठांवर ठेवलं. झोप कसली, काल दुपारपासून धरून ठेवलेलं सगळंच तिनं सोडून दिलं होतं. श्वास लांब येत होता, लांब जात होता.

चौक आला. मंडळाच्या घरांची ओळ दिसली, कपड्यांच्या दोऱ्या दिसल्या. बस थांबली. कुणीच हललं नाही. भिंगरीनं दादाकडं पाहिलं, दादानं बायकोकडं. बायकोनं नुसती मान हलवून नाही म्हटलं.

ड्रायव्हर थोरल्याच्याच डेपोतला. त्यानं आरशातून बघत हाक मारली, "दादा, तुमचा स्टॉप आला की! उतरायचं नाही?"

"हळू बोल रे," थोरला म्हणाला. "आई झोपलीय. तू चल पुढं, फेरी मारून परत येताना उतरू. घर काय पळून जातंय?"